दोन गजांची खिडकी

स्टुडिओत येणाऱ्या बहुतेकांना स्वतःचा चेहरा आवडत नसतो, आणि ताईचं पोट त्यावरच चाललं होतं. कुणाला डोळ्यांखालची काळी वर्तुळं नको असत, कुणाला हनुवटीखालची दुसरी हनुवटी. लग्नासाठी स्थळं बघणारा एक वकील तर टकलावर चार केस मागायला आला होता. ताईनं त्याला चांगले चाळीस दिले. पुढच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ दिवे लावून फोटो काढायचा आणि मागच्या खोलीत ताई कॉम्प्युटरपुढे पेन घेऊन ते चेहरे धुऊनपुसून द्यायची. भावाला अख्खी गल्ली मामा म्हणायची, कारण ताईची मुलगी त्याला मामा म्हणायची. आणि त्या मुलीला सगळे खारू म्हणायचे. पुढचे दोन मोठे दात आणि दोन्ही गालांत कोंबलेलं बिस्कीट बघून मामानंच ते नाव पाडलं होतं.

खारू सात वर्षांची असताना मामानं नवा दिवा आणला. आठ कोनांची मोठी पेटी, पुढे पांढरं कापड ताणलेलं, त्यातून उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर पडायचा. पहिली चाचणी अर्थातच खारूवर. तिला स्टुलावर बसवलं, दिवा डावीकडे जरा वर ठेवला, उजवीकडे सावली उजळायला थर्माकोलची पाटी उभी केली. फोटो झकास आला. दोन्ही डोळ्यांत आठ कोनांचा एकेक पांढरा ठिपका चमकत होता. डोळ्यात दिव्याचं असं प्रतिबिंब लागतंच. ते नसेल तर हसता-खेळता माणूसही फोटोत मेलेला दिसतो. मामा त्याला डोळ्यातला दिवा म्हणायचा.

ताईनं तो फोटो साफ केला. हाताला सवयच ती. खारूची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, कानाजवळ मसुराएवढा तपकिरी डाग होता आणि उजवी पापणी जराशी खाली यायची. ताईनं भुवई सांधली, डाग उडवला, पापणी उचलली. फोटो दर्शनी काचेत लागला आणि जाणारे-येणारे थांबून बघू लागले. "ही मी नाहीये, आई," खारू म्हणाली. त्यावर सगळे हसले होते.

फोटो लागल्यावर नवव्या दिवशी खारू हरवली. ओळखपत्राच्या फोटोंसाठी रांग लागली होती, ताईला मान वर करायला फुरसत नव्हती आणि खारू दारातल्या पायरीवर बसली होती. रांग संपली तेव्हा पायरी रिकामी होती. पोलीस चौकीत फोटो मागितला तेव्हा ताईनं काचेतलाच काढून दिला. सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत स्पष्ट तोच होता. त्याच्या प्रती बसथांब्यांवर आणि खांबांवर लागल्या. सहाव्या दिवशी बसचा एक कंडक्टर आपण होऊन चौकीत आला. पहिल्याच संध्याकाळी मागच्या सीटवर एका बाईबरोबर एक मुलगी रडत बसली होती, असं त्यानं सांगितलं.

"पोस्टर मी रोज बघत होतो, साहेब," तो म्हणाला. "पण त्या पोरीची भुवई तुटलेली होती, एक पापणी अर्धी मिटलेली. ती निराळीच म्हणून मी गप्प बसलो."

ताई तिथेच बाकावर बसली होती. लोकांचे डाग पुसून तिनं नाव कमावलं होतं आणि तोच हात फिरवून पोटच्या पोरीची ओळख पुसून टाकली होती. खारूचा बाप आधीच वारला होता, त्यामुळे तिला बोल लावणारं घरात कुणी नव्हतं. ते काम ती स्वतःच करायची, आणि त्यात तिनं कधी खाडा केला नाही.

मूळ फोटो शिल्लक होता, तेवढंच. दर वाढदिवसाला ताई तो उघडायची आणि खारूला एका वर्षानं मोठी करायची. गालांवरची चरबी जरा कमी, जबडा किंचित लांब, नाकाचा दांडा थोडा वर. अडलं तर स्वतःचे लहानपणचे फोटो शेजारी ठेवायची. भुवई, डाग आणि पापणी यांना मात्र तिनं पुन्हा कधी पेन लावलं नाही. तयार झालेलं चित्र चौकीत द्यायचं, तिथून ते इतर चौक्यांत जायचं, आणि मग वर्षभर वाट बघायची.

पाचव्या वर्षी, खारू बारा वर्षांची झाली तेव्हा, ताईनं चित्र पुरं करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला उघडलं. जबड्याच्या खाली, गळ्याकडे उतरणारा एक व्रण दिसला. चकाकणारा, आक्रसलेल्या कातडीचा, भाजल्यासारखा. पेन घसरलं असेल असं वाटून तिनं तो पुसला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो होता तिथेच होता. तिनं पुन्हा पुसला. चौथ्या दिवशी पुन्हा.

मामानं शपथेवर सांगितलं की त्यानं त्या फाइलला हात लावलेला नाही. लावून तरी काय केलं असतं, त्याला साधी मुरुमाची पुटकुळी काढता येत नव्हती. कॉम्प्युटर बिघडला म्हणावं, तर बिघडलेला कॉम्प्युटर कातडीची एकेक सुरकुती इतकी नीट काढेल का, हेही ताईला कळत होतं. आठवड्यानं डोळे बदलले. आठ कोनांचा ठिपका गेला. त्याच्या जागी उजवीकडे, वरच्या कडेला, एक अरुंद उभा चौकोन आला, आणि त्यात दोन बारीक काळ्या रेघा.

"तूच काढतेस आणि विसरतेस," मामा हळूच म्हणाला. "डोकं थकलं की होतं असं, ताई."

त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं, आणि ताईलाही राग आला नाही. खरं तर तसं असतं तर बरं, असंच तिला वाटलं. मामानं कॉम्प्युटरची वायर काढून स्वतःच्या घरी नेली आणि मागच्या खोलीला आपलं कुलूप लावलं. सकाळी दोघांनी मिळून कुलूप काढलं, वायर जोडली, फाइल उघडली. खारूचे खांद्यावर आलेले केस कुणीतरी कापले होते. वेडेवाकडे, कानाच्या वर, एका बाजूला टाळू दिसेल इतके.

मामा खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसला आणि आयुष्यभर जे करत आला तेच करू लागला. चेहऱ्यावरचा उजेड वाचू लागला. खिडकी उंचावर आहे, तो म्हणाला, हात पोचणार नाही अशी. सात-आठ फुटांवर. सावलीच्या कडा मऊ आहेत, म्हणजे थेट ऊन येत नाही. हनुवटीखाली मिट्ट काळोख, म्हणजे जमिनीवरून काहीच उजेड परतत नाही. जमीन काळी असेल, नाहीतर मातीची. खोलीत दुसरा दिवा नाही.

खात्री करायला त्यानं पुढच्या खोलीत तसंच सगळं मांडलं. पेटीवर काळे कागद चिकटवून उभी फट ठेवली, त्यावर दोन काठ्या बांधल्या, दिवा छताला नेऊन टेकवला, खाली काळं कापड अंथरलं. ताईला स्टुलावर बसवून फोटो काढला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा आईच्या आणि मुलीच्या डोळ्यांत एकच खिडकी होती. ताईला हुंदका आवरेना. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला आपली पोर कुठेतरी आहे, श्वास घेते आहे, असं ठामपणे वाटलं होतं, आणि ते कसल्या जागेत, हेही त्याच क्षणी कळलं होतं.

दोघं चौकीत गेले. साहेब भला माणूस होता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, चित्र उजेडात धरून बघितलं.

"हे चित्र दर वर्षी तुम्हीच करता ना, ताई?" त्यानं विचारलं.

"हो. पण ही खिडकी मी काढलेली नाही."

"मला पटेलही कदाचित. पण वर काय लिहून पाठवू? फोटो दुरुस्त करणाऱ्या बाईनं आणलेल्या फोटोत खिडकी आहे, असं?"

आपल्या हातून आलेल्या चेहऱ्यावर जगात कुणी विश्वास ठेवू नये, हे ताईनं स्वतःच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. साहेबानं चित्र ठेवून घेतलं, आणि तिथवरच त्याचं काम होतं.

त्यानंतर ताई रोज सकाळी आल्या आल्या ती फाइल उघडायची. कधी खिडकी उजळ असायची, कधी राखाडी. खारूचे ओठ एकदा फुटलेले दिसले, मग भरून आले. केस बोटभर वाढले. गाल बसत चालले. ताई व्रण पुसून बघायची, तो परत यायचा. गाल भरून बघायची, ते पुन्हा बसायचे. ती जे काही करील ते तिकडून झिडकारलं जायचं, आणि याचंही तिला बरं वाटू लागलं होतं. लहानपणी वेणी घालताना खारू अशीच मान झटकायची.

असे चार महिने गेले. एका दुपारी, शाळेच्या शिक्षकांचे चाळीस चेहरे सलग साफ केल्यावर, तिनं खारूचं चित्र उघडलं. हात चालता होता. खिडकी मोठी करून ती बघत बसली. तिकडचं इकडे येतं, तर इकडचं तिकडे कधीतरी एकदा तरी जाईल, असं तिच्या मनानं घेतलं. व्रण गेला नाही, गाल भरले नाहीत. पण खिडकी म्हणजे काही अंगाचं कातडं नव्हे. ते दोन गज पुसले तर.

तिनं ते पुसले. दोन डोळ्यांत मिळून चार फटकारे. स्वच्छ, मोकळी खिडकी राहिली. मामानं येऊन बघितलं आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी ताई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

सकाळी खिडकी नव्हती.

गज परत आले असते तर तिला काहीच वाटलं नसतं. पण खिडकीच गेली होती. जिथून उजेड येत होता ती जागा कुणीतरी बंद केली होती. चेहरा जेमतेम दिसत होता. डोळ्यांत एकही ठिपका नव्हता, आणि बाहुल्या मोठ्या, खूप मोठ्या झाल्या होत्या. अंधारात होतात तशा.

म्हणजे तिचं पुसणं तिकडे पोचलं होतं.

ताईनं पेन उचललं. तिनं खिडकी पुन्हा काढली, होती तिथे, तेवढीच. मग थांबली. मामा मागे उभा होता.

"गजही परत घाल," तो म्हणाला. "होतं तस्संच कर."

तिनं गज रेखाटले. आपल्या मुलीच्या खिडकीला, आपल्या हातानं, एक आणि दोन. हात कापू नये म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी होती. दोन्ही गज होते, ताईनं रेखाटले होते तसेच, एका गजाच्या टोकाला पेन थरथरलं होतं त्या वळणासकट.

"ताई," मामा म्हणाला. "बाहुल्या."

"दिसतंय मला."

खिडकीतून उजेड येत होता. उजेड पडला की जित्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात; या तेवढ्याच मोठ्या होत्या.

ताईनं त्या लहान केल्या. एवढ्या उजेडात जेवढ्या असायला हव्यात तेवढ्या.

सकाळी त्या तशाच लहान होत्या.

तिनं व्रण पुसला. सकाळी व्रण नव्हता. गाल भरले. सकाळी गाल भरलेले होते. केस खांद्यापर्यंत आणले, ते खांद्यावर राहिले. चित्र आता सांगितलेलं सगळं ऐकत होतं.

मामानं पुढच्या खोलीतले दिवे त्या दिवशी लावलेच नाहीत. ताईनं सगळ्यांत जाड ब्रश घेतला, काळा रंग घेतला आणि खारूच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ ओढली. नाकावरून, ओठांवरून. झटक, ती मनात म्हणत होती, झटक मान, टाक फेकून. फाइल बंद करून ती घरी गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. ताई अजून रोज सगळ्यांच्या आधी येते, दिवा न लावता मागच्या खोलीत जाते आणि फाइल उघडते. रेघ तिथेच असते.