तहान काढून घेतलेला वॉर्ड

वॉर्डात आता कुणीच पाणी मागत नव्हतं. एप्रिल महिना होता, खिडकीबाहेरचा रस्ता भाजून निघाला होता, पंखे गरम हवाच ढवळत होते. तरी मशीनला जोडलेली माणसं गप्प पडून होती. कुणाच्या किडन्या गेलेल्या, कुणाचं लिव्हर. पाणी अंगात साठतं, कुणाच्या पायांवर तर कुणाच्या पोटात, म्हणून सगळ्यांना ते मोजूनच.

पूर्वी प्रणिता ढोरे सिस्टरची निम्मी ड्यूटी पाण्याच्या भांडणात जायची. प्रत्येकाच्या उशाशी त्याचं फुलपात्र, त्यावर नेलपॉलिशची खूण. खुणेपर्यंतचं पाणी दिवसभर पुरवायचं. कुणी चूळ भरायला जायचा आणि चूळ गिळून यायचा. कुणी ओल्या फडक्यानं तोंड पुसता पुसता फडकंच चोखायचा. पकडला की आधी शिव्या द्यायचा, मग रडायचा, मग घरचं सांगत बसायचा. प्रणिता वैतागायची, पण प्रत्येकाचं घर तिला माहीत असायचं.

मग तृषापट्टी आली. नखाएवढी, कानामागे चिकटवायची. ती नसेमार्फत मेंदूला सांगत राहते, की पोटभर पाणी पिऊन झालंय. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की घसा ते गिळायला नकार देतो, ही शरीराची जुनीच युक्ती. पट्टी तीच वापरते. तहान मिटली, भांडणं मिटली. भांडणं मिटल्यावर एवढ्या सिस्टर कशाला हव्यात, म्हणून त्याही कमी केल्या.

हा सगळा खारपाणपट्टा, विहिरींना पाणी लागतं तेही खारं. गोड पाण्याची पाइपलाइन इथल्या लोकांनी आजवर फक्त भाषणात प्यायली. पाइपलाइन आली नाही, पट्टी आली. पाणी देता येत नाही ना, मग तहानच काढून घ्या. याला शोध म्हणायचं असेल तर म्हणा.

खिडकीजवळच्या कॉटवर देवानंद तायडे होता. त्याच्या हृदयाला आता डायलिसिस झेपत नव्हतं. पुरे, असं त्यानं स्वतःच सांगितलं होतं आणि डॉक्टरांनीही ते मान्य केलं होतं. दोन-चार दिवसांचा पाहुणा. उशाशी बायको, पंचफुला.

त्या सकाळी त्यानं कानामागे बोट नेलं. "सिस्टर, हे काढा. मले एकडाव तहान लागू द्या."

प्रणितानं समजावलं, की घसा जळेल, जीव कासावीस होईल. त्याला तेच हवं होतं. शेतातून घरी आलं की पंचफुला दारात तांब्या घेऊन उभी असायची. तो उभ्यानंच गटागटा प्यायचा, पाणी छातीवर सांडायचं, आणि ती त्याला हसायची. पाणी खारंच, पण ते दोघांचं होतं. पट्टी लागल्यापासून घरी गेला की तांब्या पाहून तो तोंड फिरवायचा. तीही मग दारात उभी राहीनाशी झाली.

"जल्मभर मले पाणी मांगलं," पंचफुला म्हणाली, "आता तुमाले तहान मांगतात. यायचं मांगणं काही सरत नाही."

देवानंद हसला. मग प्रणिताकडे पाहून म्हणाला, "मराचंच हाय तं इच्या हातचं पिऊन मरू द्या."

सगळ्या पट्ट्यांवर लांबून नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या परवानगीशिवाय पट्टी काढायची नाही, असा नियम होता. काढली तर तिकडं घंटा वाजते, काढणाऱ्याचं नाव लागतं, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं. प्रणिता कंत्राटी होती. तिनं स्क्रीनवर विचारलं. उत्तर आलं, फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका, परवानगी नाही. तिनं लिहिलं, माणूस जाणारच आहे. उत्तर आलं, डॉक्टरांची शिफारस जोडा. डॉक्टर दुसऱ्या तालुक्याचे पेशंट स्क्रीनवर तपासत होते. ते म्हणाले, केंद्राला विचारा.

मरणाऱ्या माणसाला पाणी पाजायचं की नाही, हे ठरवायला या देशात दोन ऑफिसं लागतात आणि दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मध्ये एकदा प्रणितानं पट्टीच्या कडेखाली नख घातलं होतं. कड सुटलीही होती. मग घंटेची आठवण झाली आणि तिनं ती अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवली. पंचफुलानं ते पाहिलं.

दुपार कलली तसा देवानंदचा श्वास बदलला. पंचफुलाला कुणी सांगावं लागलं नाही. जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं असतं. तिनं चमचा त्याच्या ओठांना लावला. पाणी तोंडात गेलं आणि कोपऱ्यातून बाहेर आलं. तिनं पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर. त्याचे डोळे तिच्यावरच होते. त्याला हवं होतं, घसा घेत नव्हता.

"प्या नं," ती म्हणाली. "माह्या हातचं हाय."

तेव्हा प्रणितानं पट्टी ओढून काढली. कातडीवर लाल चट्टा उठला. हातात पट्टी धरून ती घंटेची वाट पाहत राहिली.

घंटा वाजली नाही. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी काही विचारलं नाही. घंटा मुळात कुठं नव्हतीच. तिची नुसती भीतीच पुरली होती.

पट्टी काढल्यावर तहान परत यायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ सकाळी होता. देवानंद गेला तेव्हा उशी भिजलेली होती आणि घसा कोरडा होता.

पुढच्या महिन्यात टंचाईच्या गावांत शिबिरं लागली. टँकर पुरत नव्हते, म्हणून उन्हाळ्यापुरती पट्टी आता धडधाकट माणसांनाही. गरजेपुरतं पाणी वेळेवर पाजू, असं कागदावर होतं. चिकटवायला प्रणिताला पाठवलं. शाळेच्या व्हरांड्यात बायांची रांग लागली, पुढं रिकामे हंडे. सोसत नाही म्हणून आलेल्या, त्यांना दोष कुणी द्यावा?

रांगेत पंचफुला होती. तिचा नंबर आला. तिनं पदर मागे सारून कान पुढे केला, आणि प्रणिताचं बोट जवळ आल्यावर तिचं मनगट धरलं. राग नव्हता, नुसतं धरलं.

"सिस्टर, हे लावलं का माणूस पाणी मांगत नाही. हाव ना?"

प्रणितानं मान हलवली.

"मंग गावात कोणीच मांगलं नाही," पंचफुला म्हणाली, "तं टँकर काहून येईन?"

पट्टी प्रणिताच्या बोटाला चिकटून होती. मागची रांग पुढं सरकायची वाट पाहत होती. या वेळी कुणाला विचारायचं?