चिमाईचा घास

मुरदंडगडाच्या पूर्वेच्या कड्यावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तेव्हा खाली खोऱ्यात मोगलांच्या छावणीतून चुलींचे धूर वर चढत होते, आणि वर, जेथून आजवर कैक फितूर लोटले गेले होते त्या टोकाशी, गडावरची झाडून सारी माणसे गोतसभेला जमली होती. वेढ्याच्या धामधुमीत न्यायनिवाड्याला कसली फुरसत, असे कोणी म्हणेल. पण गुन्हाच वेढ्यातला होता. चोरदिंडीच्या, म्हणजे गडाच्या गुप्त दरवाजाच्या, पहाऱ्याचा नायक राणू खैरे याने दारूच्या भरात आपल्याच हाताखालचा पहारेकरी सटवाजी कापला होता.

गडाचा रिवाज असा, की खुन्याच्या घरचे ताट सभेत मांडावे. मृताच्या सख्ख्याने त्यातला घास घेतला, तर खुन्याला गोतात परत घ्यावे, आणि ताट तसेच राहिले तर कडेलोट. सटवाजीला सख्खे असे एकच माणूस होते, त्याची आई चिमाई. ती ताटासमोर बसली होती, आणि भाकरीवर माशा बसत होत्या.

"राव," सबनीस नारो त्रिंबक उभे राहिले, "आज हा सुटला, तर उद्या प्रत्येक पहाऱ्यावर तलवारी उपसल्या जातील. गड शत्रूच्या तोफांनी पडत नाही, तो असा पडतो."

"कड्यावरून लोटलेला माणूस सुधारत नाही, नारोपंत," किल्लेदार सुभानराव दरेकर म्हणाले. "बेड्यांत असताना याने काम मागून घेऊन टाक्यांचा गाळ उपसला. दारूला शिवला नाही. माणूस पालटला आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले."

"आणि चोरदिंडीची वाट याच्याइतकी कोणाला ठाऊक नाही, हेही आपण पाहिले असेल."

सुभानरावांचा चेहरा उतरला. बोलणे झोंबले, कारण ते निम्मे खरे होते: वेढ्यात राणू त्यांना हवाच होता.

इतक्यात चिमाईने मान वर केली. "राणू, माझा लेक मरताना काय म्हनला?"

शुद्धच नव्हती, काही आठवत नाही, असे राणू आजवर सांगत आला होता, आणि किल्लेदारांची रदबदली मुळात त्याच गोष्टीवर उभी होती. तेच पुन्हा म्हटले असते तर निभावले असते. म्हातारीला बरे वाटेल असे काहीबाही सांगितले असते, तरी कोणी खोटे पाडणार नव्हते.

"मी खोटं बोललो, आये. मला समदं आठवतं. पयल्या वाराला त्यो पडला. हात जोडून म्हनला, नायक, मारू नका, आई एकटी हाय. म्या ऐकलं. आन् तरी दुसरा वार केला."

सभेतून संतापाची लाट उठली. सबनीस मात्र, जिंकूनही, मान खाली घालून बसले. सुभानरावांच्या अंगाची आग झाली. आपण याच्यासाठी शब्द खर्च केले, ही लाज त्या संतापाहून मोठी होती. "लोटा याला!" ते ओरडले, आणि दोघे शिपाई पुढे धावले.

"थांबा, धनी." चिमाईने भाकरीचा तुकडा मोडला. तिने तो तोंडात घातला, कितीतरी वेळ चावला, आणि रडत रडत गिळला.

"चिमाई, तू माफ केलेस याला?" किल्लेदारांनी विचारले.

"न्हाई, धनी. कधीच न्हाई करनार. पर माझ्या लेकाचं शेवटलं बोलनं याच्यापाशी हाय. याला लोटलात, तर ते बी दरीत जाईल."

रिवाजापुढे किल्लेदाराचाही इलाज नव्हता. बेड्या तुटल्या.

पुढे कुमक आली, वेढा उठला. राणूने हत्यार पुन्हा धरले नाही. तो चिमाईचे पाणी भरी, लाकडे फोडी. गडावरचे लोक त्याचा दाखला देऊ लागले, आणि सबनिसांनीही एकदा कबूल केले, की माणूस खरोखर सुधारला. पण संध्याकाळी दिवा लागला की चिमाई त्याला उंबऱ्याशी बसवी आणि सटवाजीचे ते शब्द त्याच्या तोंडून वदवून घेई. रोज.

एकदा तो सदरेवर आला आणि सुभानरावांचे पाय धरून म्हणाला, "सरकार, त्या दिशी लोटायला हवं होतं."

आपण त्या दिवशी एक जीव वाचलेला पाहिला की शिक्षा सुरू झालेली, हे सुभानरावांना ठरवता येईना. बाहेर दिवेलागण झाली होती. राणूने डोळे पुसले, मुजरा केला, आणि चिमाई वाट पाहत असेल म्हणून लगबगीने निघून गेला.