मांगरातली दुसरी पेशंट

मसुऱ्याच्या कातळावर रसिका चढली ती नुसत्या लोहाच्या गोळ्या पोचवायला. मे महिना, दुपारचे बारा. उपकेंद्रात सिस्टर म्हणून तिचं हे सहावं वर्ष. सोबत गावची आशाताई शेवंती, डोक्यावर पदर आणि तोंडानं अखंड कुरकुर. कलमांच्या बागेची राखण करणारा नेपाळी तुलबहादूर आंब्याच्या गाडीबरोबर वाशीला गेला होता. त्याची बायको मनमाया बागेतल्या मांगरात, म्हणजे चिऱ्याच्या त्या एकखणी खोपीत, एकटीच होती. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते.

कातळ तापून त्याला करपल्या गवताचा वास सुटला होता. वारा नाही, पाखरू नाही. मांगराच्या दारापाशी येताच शेवंती थबकली.

"सिस्टर, आतसून कण्हण्याचो आवाज येता."

मनमायाला पहाटेपासूनच कळा सुरू झाल्या होत्या. रसिकानं तपासलं. वेळ फार थोडा होता. अँब्युलन्सला फोन केला, तर गाडी यायला दीड तास. तिनं पिशवी उघडली, पाणी चुलीवर चढवलं.

"हय नको," शेवंती कुजबुजली. "बागेच्या गडग्याभायर नेवया हिका. माझ्या सासयेच्या येळेक चिरेखाणीवरची एक कानडी बाई हयच आडली होती. सुईण दारापर्यंत इली आणि मागे फिरली. म्हणाक लागली, हिची भाषा कळणा नाय, जात म्हायत नाय, मी हात लावचंय नाय. तीन दिवस वराडत होती ती. पोटातल्या पोरासकट गेली. तेव्हापासून दुपारचा हय कोण थांबणा नाय."

"ह्या उन्हात हलवलंव तर ही पण जायत," रसिका म्हणाली. "बाळंतपण हयच होतला."

मागच्या खेपेला शहरातल्या एका दवाखान्यात मनमायाला दामटून उताणं निजवलं होतं. गळ्यातली मण्यांची पोत कापून ट्रेमध्ये टाकली होती. ती काय सांगतेय हे कुणी विचारलंच नाही. मूल गेलं, तेही तिला दाखवलं नाही. म्हणून या वेळी तिनं कळा लपवल्या होत्या. चार भेटींत, मोडक्या हिंदीत, रसिकानं मागच्या बाळंतपणाचं हे सगळं तिच्याकडून काढून घेतलं होतं. त्यामुळे आज तिनं आधी एवढंच विचारलं, "कैसे बैठेगी?"

मनमाया वाशाला बांधलेला दोर धरून गुडघ्यांवर आली. तिच्या गावी बायका अशाच बाळंत होतात. रसिका तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"दिदी, राख..." मनमाया धापा टाकत म्हणाली. "दरवाजे पे. और नाल पे भी."

"दरवाजे पे डालेंगे. नाल पे नहीं. उससे बच्चा बीमार पडता है. नाल मुझ पे छोड."

मनमायानं मान डोलावली. शेवंतीनं चुलीतली राख उंबऱ्यावर ओढली आणि न विचारता एक कोयताही तिथं ठेवला. एरवी रसिका हसली असती. आज म्हणाली, "रवांदे."

आणि मांगरातला उकाडा एकाएकी उतरला. बुजलेल्या विहिरीतून यावा तसा ओलसर वास आला. मनमायाचे डोळे दाराकडे लागले.

"दिदी... वो कौन है?"

दारात फक्त ऊन होतं. 'कोई नहीं' हे शब्द रसिकाच्या ओठांवर आले होते, ते तिनं गिळले. कळा सोसणाऱ्या बाईला खोटं पाडायचं नसतं.

"क्या कर रही है?"

"पेट पकड के खडी है..."

शेवंती भिंतीला चिकटली. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून आवाज आला. घसा सुकलेल्या माणसाचा, अगदी हलका.

"नोवु..."

मग जरा जवळून.

"नोवु..."

रसिकाच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण तो शब्द तिला कळला. खाणीवरच्या कानडी बायका तिच्याकडे येत, त्यांच्यासाठी तिनं असे शब्द पाठ केले होते. नोवु म्हणजे दुखतंय.

उंबऱ्यावरचा कोयता चिऱ्यावर घासत आपणहून बाजूला सरकला. राख फिसकटली. मनमायाच्या हातातला दोर लटलट कापू लागला.

बाळाचं डोकं दिसत होतं. रसिकाला उठता येणार नव्हतं. तिनं बसल्या जागेवरूनच दाराकडे तोंड केलं आणि गरजली, "निल्लु! थांब थयच! तुझ्या येळेक कोण इला नाय, ठावक आसा माका. पण हिच्या येळेक मी इलंय. हिका बोट लावलंस तर माझ्याशी गाठ आसा! हिचा होवंदे, मगे तुका बघतंय. तवसर लायनीत रव!"

आवाज थांबला. पुढच्या कळेला मनमायानं दोर ओढला आणि मुलगी रसिकाच्या हातांत आली. निळसर, गप्प. रसिकानं तिची पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि पोरीनं असा टाहो फोडला की शेवंती रडायलाच लागली.

गाडी आली. सोबत डॉक्टर होता. मुलीला आईच्या छातीवर ठेवूनच दोघींना गाडीत घेतलं.

"तू जा हिच्या वांगडा," रसिका शेवंतीला म्हणाली. "थय सगळ्यांका सांग, पोत काढूची नाय. आणि चेडू आवशीपाशीच ठेवचा."

"आणि तुमी?"

"माझी एक पेशंट रवली आसा."

शेवंतीनं तिचा हात घट्ट धरला. रसिकानं तो सोडवला.

धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग आत आली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेली गोधडी अंथरली आणि दाराकडे बघून म्हणाली, "बा." म्हणजे ये.

कुणी दिसलं नाही. गोधडी मात्र हळूहळू दबली, अवघडलेल्या बाईनं हात टेकून जपून बसावं तशी.

रसिका गोधडीपाशी बसली. तिनं हात पुढे केला. तळव्याला ताणलेलं, बर्फागत गार पोट लागलं. तिनं हात मागे घेतला नाही.

आणि तळव्याखाली, आतून, एक लाथ बसली.