दुसऱ्या खुर्चीचे ठोके

हनुमंतकाका नापास झाले.

असं काही झालंच नाही, असं समजून पुढं वाचा. कारखान्यानेही तसंच समजायचं ठरवलंय.

पण घटना शंभर टक्के खरी आहे. मी तिथंच होतो. माझ्या या चुलत्यांना शेवगावहून गाडीवर बसवून जवळच्याच त्या साखर कारखान्यात मीच नेलं होतं. रात्र, अमावस्या वगैरे काही नव्हतं. सप्टेंबरातली भरदुपार. आमच्याकडं भुतांनाही लाईट बघूनच यावं लागतं.

ऊस तोडायच्या मशीनवर ड्रायव्हर घ्यायचे होते. परीक्षा व्हीआरवर. चष्मा चढवला की डोळ्यांसमोर उसाचा फड उभा राहतो. मनगटाला नाडी मोजणारा पट्टा. ठोके वाढले की फडातलं ऊन वाढतं, ऊस दाटतो. शांत माणूस पार होतो. मशीन मधेच बंद केलं की नापास.

काकांना ही नोकरी हवीच होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला मुकादम टोळीत घेत नाही.

आणि सत्यशीलाकाकू गेल्या हंगामात फडातच गेल्या होत्या.

पार्थ नावाच्या ट्रेनरने विचारलं, "नाव?"

"हनुमंत आन् सत्यशीला."

जन्माची सवय. मुकादमापुढं एकट्याचं नाव कधी सांगितलंच नव्हतं.

पार्थ सरांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हाताला दुसरा पट्टा गुंडाळला. "हेल्पर बाई येतील तेव्हा येतील. चालू ठेवतो."

त्या वारल्या, हे वाक्य परीक्षेच्या हॉलमध्ये कुठं बसवावं ते मला कळेना.

काकांचा फड आम्हाला भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसत होता. त्यांचे ठोके शंभरावर गेले. ऊन भगभगलं. मशीन कुथायला लागलं.

"काका, बैलजोडी हाकतोय समजा!"

"गप ए. बैलाला स्टेअरिंग असतं व्हय?"

आणि मग... स्क्रीनच्या कोपऱ्यात दुसरा आकडा उमटला.

बहात्तर.

खुर्ची रिकामी होती.

"सेन्सर गंडलाय," सर म्हणाले. पट्टा सोडला. त्याची बॅटरी काढून खिशात टाकली.

आकडा तसाच...

स्पीकरमधून आवाज येऊ लागला. सप्... सप्... सप्...

"सर, मशीनच्या फडात कोयता कशाला ठेवलाय?"

"ठेवलेलाच नाही," सर म्हणाले. हे त्यांनी दारातून सांगितलं.

समोरचा ऊस आपोआप विरळ होत गेला. कोणीतरी पुढं तोडत चाललं होतं. दिसत कोणीच नव्हतं. काकांचे ठोके उतरले. मशीन सुसाट. शेवटची सरी राहिली. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो.

तेवढ्यात दुसरा आकडा चढायला लागला.

शंभर. एकशे तीस. एकशे साठ...

फडातलं ऊन पांढरंफटक झालं. सप् सप् मंदावलं.

काका चष्म्याआडून बोलले. आवाज त्यांचा वाटेना.

"छातीत धडधडतंय म्हनली हुती ती. मी म्हनलं, एवढी सरी काढू, मंग बस."

कोयत्याचा आवाज थांबला.

काकांनी मशीन बंद केलं.

"काका, थोडकंच राह्यलंय! नापास व्हाल!"

"हुं दे."

डोळ्यांवर चष्मा तसाच ठेवून ते उठले. चाचपडत रिकाम्या खुर्चीपाशी गेले. खांद्यावरचा टॉवेल उलगडला आणि दोन्ही हातांनी खुर्चीवर धरला. उन्हात लेकराच्या डोक्यावर धरतात तसा.

"बस आता सावलीला. न्हाई काढायची सरी."

हॉलमधला पंखा फिरत होता. तेवढाच काय तो आवाज.

आकडा हळूहळू उतरला.

बहात्तर.

कारखान्याने त्या दिवसाची परीक्षा रद्द दाखवली. पार्थ सर पुण्याला परत गेले. मनगटाला घड्याळसुद्धा बांधत नाहीत म्हणे. काकांना अजून काम नाही.

पण दुपार झाली की कारखान्याचे वॉचमन सूर्यभानमामा मला फोन करतात.

"हॉलला कुलूप हाय. तरी खिडकीतून आकडा दिसतोय रं. लई चढलाय. काकाला आन."

मी गाडी काढतो. काकांनी टॉवेल धरला की आकडा उतरतो. मग आम्ही घरी येतो. परवा काकांना ताप होता. आम्ही गेलो नाही. सूर्यभानमामांचा फोन वाजत राहिला... मी उचलला नाही.

काल मी कारखान्यात अर्ज दिला. पोच मिळालेली नाही.

"प्रति, मा. कार्यकारी संचालक साहेब. उपरोक्त विषयान्वये विनंती की, प्रशिक्षण हॉलमधील दुसऱ्या खुर्चीवरील मयत महिला मजुरास दररोज दुपारी बारा ते तीन सावलीत बसण्याची भरपगारी सुट्टी, मागील हंगामापासून लागू धरून, तात्काळ मंजूर करण्यात यावी."