अर्धं ऐकलेलं घर

"अहो, शिस्त लागते, शिस्त!" औषधांच्या दुकानाच्या रांगेत उभी राहून ती मागच्या बाईला सांगत होती. मागच्या बाईच्या खांद्यावर एक तान्हं बाळ सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं रडत होतं. "मी पण घरूनच काम करते. आवाजाचं काम. तुमच्या लिफ्टमध्ये, बँकेच्या फोनवर जी बाई बोलते ना, ती मी. आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. पण एकदा माइक लावला की टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही. माझं रेकॉर्डिंग ऐकून कुणी ओळखून दाखवावं, घरात मूल आहे म्हणून. पैज!"

पुढचा माणूस हळूच वळला. उंच, किडकिडीत, गळ्यात हेडफोन अडकवलेले. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावर वाळलेल्या टूथपेस्टच्या डागाकडे.

"माफ करा," तो म्हणाला, "पण तो वाटाणा... निघाला का नाकातून?"

तिचा चेहरा असा झाला, जसा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबल्यावर माणसांचा होतो.

"कुठला वाटाणा?"

"मागच्या मंगळवारचा. तुम्ही म्हणालात, 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.' आणि लगेच मागून, 'आई, माझ्या नाकात वाटाणा गेला. दुसरा पण घालू का?' मग धडाधड काहीतरी पडलं आणि रेकॉर्डिंग बंद. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय हो!"

मागच्या बाईचं बाळ रडायचं थांबलं. बहुतेक त्यालाही ऐकायचं होतं.

तो कोण, हे तिला औषधांची पिशवी हातात आल्यावर, फुटपाथवर कळलं. तिच्याच कंपनीत तो आवाज साफ करायचा. ती घरून रेकॉर्डिंग पाठवायची, ते आधी त्याच्याकडे जायचं. त्यातलं खोकणं, भांडी पडणं, कुत्रं भुंकणं सगळं कापून तो ते गुळगुळीत करायचा आणि पुढे द्यायचा. ऑफिसात त्याला कात्रीवाला म्हणत. आणि तिला, तिची सगळी वाक्यं एकाच शब्दाने सुरू व्हायची म्हणून, कृपयाबाई. वर्षभर ती दोघं एकाच कामाची दोन टोकं धरून होती आणि एकमेकांना बघितलंही नव्हतं.

"म्हणजे तुम्ही माझं घर ऐकता?" तिने विचारलं.

"ऐकत नाही. कापतो." मग जरा थांबून, "कापायच्या आधी ऐकावं लागतं."

"मोठ्या बाईंना सांगितलंत?"

मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. तिच्याआधी त्या जागेवर जी होती, तिच्या मुलाचा आवाज बँकेच्या फोनवर गेला होता. "नवीन खात्यासाठी दोन दाबा," आणि मागून, "दोन नाही, मला शी आलीय." आठवडाभर बँकेच्या ग्राहकांनी ते ऐकलं. काहींनी तर मुद्दाम परत फोन केले. तेव्हापासून मोठ्या बाई मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारत, घरी लहान मूल आहे का? आणि तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, छे! तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ही नोकरी गेली, तर ती आणि तिची लेक भिंगरी दोघी उघड्यावर.

"सांगितलं असतं," कात्रीवाला म्हणाला, "तर मला ऐकायला काय राहिलं असतं? लिफ्ट?"

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली.

"शिंक आली तिला," ती म्हणाली. "डॉक्टर मला मुलांवर लक्ष कसं ठेवावं यावर भाषण देत होते, आणि हिला शिंक आली. वाटाणा डॉक्टरांच्या चहात."

कात्रीवाला फुटपाथवर इतक्या जोरात हसला की एका आजोबांनी थांबून चौकशी केली.

"बघा," तो डोळे पुसत म्हणाला, "माझा त्रास काय आहे ते कळलं का? तुमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात मला माहिती आहे. शेवट एकीचाही नाही. 'आई, मी मांजरीला आंघोळ घातली.' रेकॉर्डिंग बंद! 'आई, ही भिंत आधी कुठल्या रंगाची होती?' बंद! माणसाने झोपावं कसं?"

"मग एका भेटीत एकच शेवट सांगीन," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. भेट हा शब्द आला कुठून?

भेटी मात्र होत गेल्या. ती भिंगरीला सकाळी दोन तास पाळणाघरात सोडायची, तिथून ऑफिसच्या रस्त्यावर कोपऱ्याला चहाची टपरी होती. तिथे तो आधीच उभा असायचा, आपण सहज इथून चाललो होतो असा चेहरा करून. सहज चालणारा माणूस दोन कप चहा कसा घेऊन उभा राहतो, हे तिने विचारलं नाही.

मांजरीचा शेवट सांगताना तिने मनगटावरचे ओरखडे दाखवले. ते बघायला त्याने तिचा हात धरला, आणि ओरखडे बघून झाल्यावरही जरा वेळ धरूनच ठेवला... मग एकदम चटका बसल्यासारखा सोडला, तेव्हा चहा तिच्या चपलेवर.

एकदा पावसाची भुरभुर सुरू झाली. तिच्या पिशवीत भिंगरीची छत्री होती, हिरवी, वर बेडकाचे दोन डोळे. ती छत्री एका चार वर्षांच्या मुलीला पुरते, तीसुद्धा आखडून उभी राहिली तर. तो ती तिच्या डोक्यावर धरून चालला. तिचा डावा कान कोरडा राहिला, बाकी दोघं नखशिखांत ओले. रस्त्यावरची माणसं बघत होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "नाही सांगितलं तरी चालेल."

"विचारा."

"इतकं सगळं ऐकलं. भांडी, मांजर, शेजारच्या काकू, दूधवाला. पण एक आवाज कधीच आला नाही..."

"तिचे बाबा दुसऱ्या गावात असतात," ती म्हणाली. "दुसऱ्या घरात. तो शेवट सांगून झालाय, सगळ्यांना, बऱ्याचदा. त्याचा आता कंटाळा आलाय."

"बरं." त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "मांजर आता पाण्याजवळ जाते का?"

तिला तो त्या क्षणी आवडला. नंतर तिने पुष्कळदा आठवून बघितलं, नेमकं कधी. तर तेव्हा.

पण एक गोष्ट तिला खायला लागली. हा माणूस माझ्या कपाटात काय लटकतं हेसुद्धा जाणतो, कारण मी कपाटातच, आवाज घुमू नये म्हणून रजया आणि कोटांच्या मध्ये बसून रेकॉर्डिंग करते. आणि मला त्याच्याबद्दल काय माहिती? घर कसं आहे? घरी कोण ओरडतं? तो स्वतः कधी ओरडतो का? विचारलं तर तो म्हणायचा, "माझ्याकडे फ्रिज आहे. तो गुरगुरतो." संपलं!

मग तिला एक उद्योग सुचला. एका दुपारी शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर तिने माइक चालूच ठेवला आणि त्याच थंड, गोड, लिफ्टच्या आवाजात म्हणाली, "कृपया लक्ष द्या. कापणाऱ्या माणसाने आज डबा खाल्ला की नाही, हे उद्या चहाच्या वेळी कळवावे. धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला तो कानापर्यंत लाल.

"खाल्ला," तो म्हणाला.

"काय होतं?"

"ब्रेड."

"नुसता?"

"नुसता."

मग हे रोजचंच झालं. "कृपया सांगावे, निळा शर्ट कुणी आणला." त्याच्या बहिणीने. "कृपया सांगावे, एकटं राहायला आवडतं का." त्या दिवशी तो बराच वेळ कपातला चहा ढवळत राहिला. चहात साखर नव्हती.

"आवडायचं," तो म्हणाला. "वर्षभरापूर्वीपर्यंत." आणि घाईघाईने, "तुम्ही ते कपाटाचं कधी सांगणार? भिंगरीने बाहेरून कुलूप लावलं ते! 'आई, किल्ली कुठे टाकू?' इतकंच ऐकलं मी. दोन महिने झाले!"

"माझं ती काही ऐकत नाही," ती म्हणाली. "ओरडले, रडले, लाच देऊन बघितली. बाईसाहेब बाहेर गाणं म्हणतायत. शेवटी लिफ्टचा आवाज काढला. 'कृपया किल्ली कुलपात घालून उजवीकडे फिरवा.' लगेच उघडलं. वर मला विचारते, ती दुसरी बाई आत होती का?"

आणि मग ते हॉस्पिटलचं काम आलं. नवीन, मोठं हॉस्पिटल. त्याच्या सगळ्या लिफ्टचा, सगळ्या खिडक्यांचा, सगळ्या मजल्यांचा आवाज. मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, रेकॉर्डिंग ऑफिसच्या स्टुडिओत, माझ्यासमोर. हे काम चांगलं झालं तर ती कायमची, नाही तर दुसरी बघू.

त्याच सकाळी पाळणाघरात नळ फुटला आणि शेजारच्या काकूंचा पाय मुरगळला. मुलं असलेल्या घरात या गोष्टी एकेकट्या येत नाहीत, ठरवून येतात. ती भिंगरीला काखेत मारून ऑफिसच्या मागच्या जिन्याने चढली. रस्त्यातूनच तिने फोन केला होता, वर कात्रीवाला दारातच होता.

"माझ्या टेबलाखाली," तो म्हणाला. "रंगीत खडू आहेत, बिस्किटं आहेत."

"आणि मोठ्या बाई?"

"त्या टेबलाच्या वर असतील."

ती काचेच्या आड माइकसमोर बसली. काचेपलीकडे कात्रीवाला, त्याच्या शेजारच्या खुर्चीत मोठ्या बाई, टेबलावर मोठ्या बाईंचा चहा आणि आतल्या माणसाशी बोलायचं लाल बटण. टेबलाखालचं काही दिसत नव्हतं.

"कृपया रांगेत उभे राहा," तिने वाचलं. "कृपया शांतता राखा."

टेबलाच्या कडेवर एक छोटा, जांभळ्या रंगाने बरबटलेला हात आला. तो चहाच्या कपाजवळ थबकला, विचार केला, आणि बोटांवर चालत लाल बटणाकडे निघाला. मोठ्या बाई छताकडे बघत ऐकत होत्या. कात्रीवाल्याने तो हात बघितला आणि श्वास घ्यायचा विसरला.

"कृपया," ती वाचत होती त्याच आवाजात म्हणाली, "मुलांनी बटणांपासून दूर राहावे."

हात चटकन खाली गेला.

मोठ्या बाई सरसावून बसल्या. "हे वाक्य कागदावर नाही!"

"असायला हवं होतं, बाई," कात्रीवाला म्हणाला. "हॉस्पिटल आहे. मुलं येतात."

"हं... बरं सुचलं. ठेवा."

दोन वाक्यं नीट गेली. तिसऱ्याला हात परत वर आला, आणि या वेळी विचार करायला थांबला नाही. बटण दाबलं गेलं. स्टुडिओत खणखणीत आवाज घुमला:

"आई, आता शू थांबत नाहीये!"

मोठ्या बाई खाली वाकल्या. खालून भिंगरीने वर बघितलं. दोघींनी एकमेकींना नीट न्याहाळलं.

"ही कुणाची?"

"माझी," ती काचेआडून म्हणाली.

"माझी," कात्रीवाला त्याच क्षणी म्हणाला.

मोठ्या बाईंनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "दोघांची?"

"नाही, आईचीच आहे मी," भिंगरी टेबलाखालून बाहेर येत म्हणाली. "पण काकांना पाहिजे असेल तर आम्ही बघू. बिस्किटं चांगली देतात."

"आधी हिला घेऊन जाते," मोठ्या बाई उठत म्हणाल्या. "मग तुमच्याकडे बघते."

दार लागलं. काचेच्या दोन बाजूंना ती दोघं उरली. त्याने लाल बटण दाबलं.

"खोटं बोललो मी."

"माहिती आहे. माझी नोकरी वाचवायला."

"हो... म्हणजे नाही." बटण सुटलं, त्याने परत दाबलं. "विचार करून नाही म्हणालो. तोंडातून गेलं. वर्षभर ऐकतोय ना. तिला पहिल्यांदा 'र' म्हणता आला तो मी कापलाय. वाटतं... आपल्याच घरातलं आहे. ते खोटं, खोटं राहू नये, असं वाटतं. एवढंच. आता तुम्ही बोला, नाही तर मी हे बटण सोडतो."

ती काचेजवळ आली. हेडफोन कानावरच होते, त्यात त्याचा श्वास ऐकू येत होता. इतके दिवस तो तिला ऐकत होता, आज पहिल्यांदा ती त्याला ऐकत होती. त्याला श्वास पुरत नव्हता.

"आमच्याकडे फार आवाज असतो," ती म्हणाली.

"मला विचारा!"

"आणि शेवटपर्यंत थांबावं लागतं. मध्येच बंद करता येत नाही. मांजर ओली असते, भिंत जांभळी असते, ताप येतो, आणि मी लिफ्टच्या आवाजात कायम बोलत नाही. ओरडते."

"ऐकलंय. छान ओरडता."

तिने काचेवर तळवा ठेवला. त्यानेही ठेवला, पण बटणावरचा हात उचलून, त्यामुळे तो पुढे जे म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. ओठांवरून मात्र समजलं. ती मान हलवून हो म्हणाली, आणि मग परत एकदा, त्याला नीट दिसावं म्हणून.

मोठ्या बाई परत आल्या तेव्हा त्यांची एक बाही कोपरापर्यंत ओली होती.

"वर्षभर ही पोरगी घरात होती?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर काम मिळालं नसतं."

"नसतंच दिलं." मोठ्या बाईंनी बाही पिळली. "आणि वर्षभर एक तक्रार आली नाही... म्हणजे चूक माझीच होती की काय? ते जाऊ दे. उद्यापासून घरून काम बंद. इथे यायचं, हिला घेऊन. हिने बटणाला हात लावला तर नोकरी तुमची जाईल."

"माझी?" कात्रीवाल्याने विचारलं.

"दोघांची. आता वाचा, पहिल्यापासून."

भिंगरी मोठ्या बाईंच्या मांडीवर बसली. त्या दुपारी कृपयाबाईंनी हॉस्पिटलची सगळी वाक्यं एका दमात वाचली, कुठेही अडखळल्या नाहीत, घरातला एकही आवाज मध्ये आला नाही. कात्रीवाला पूर्ण वेळ काचेतून बघत होता. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. असं काम कंपनीत आजवर झालं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

रेकॉर्डिंग सुरू करायचं राहून गेलं होतं.