तेलाचा डबा संपेपर्यंत

सियागंज बाजारातल्या दुकानात मी वीस लिटर अळशीचं तेल मागितलं, तेव्हा सेठजींनी चष्मा वर केला. "इतने लड्डू कौन खाएगा, बेटा?"

मागून कुणीतरी हसलं. "लाडू नाही हो सेठजी. मॅडम फर्शीला पाजणार आहेत."

मी वळले. इस्त्रीचा शर्ट, पण हात कोपरापर्यंत मातीचे. आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"तुम्हाला कसं पता?"

"मातीची फर्शी पक्की व्हायला शेवटी हेच तेल पिते. मला पण पाहिजे होतं. पण डबा एकच आहे... घ्या तुम्ही."

सोमवारी मी साइटवर पोचले, तर तिथला नवा मिस्त्री तोच! यशवर्धन. त्याचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि हा बँकेची नोकरी सोडून चिखल तुडवत होता. घरचे अजून धड बोलत नव्हते त्याच्याशी.

मी धम्मदीना, तुकोगंजच्या एका ऑफिसातली आर्किटेक्ट. सिमरोलच्या पुढे, डोंगरावरच्या छोट्या वस्तीत शोभनाकाकूंना घर बांधायचं होतं. काकू रिटायर्ड नर्स. सिमेंट नको, एसी नको, मातीचं घर हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. माझं हे पहिलं स्वतंत्र काम. आणि हे घर बघून वस्तीतली आणखी चार घरांचं काम यशकडे येणार होतं.

"ही काळी माती भिंतीला नको, मॅडम," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "सुकली की फाटते. घाटातली पिवळी आणू."

"साइटचीच माती वापरायची, असं ड्रॉइंगमध्ये लिहिलंय."

"ड्रॉइंगला सुकायचं नसतं ना..."

मजूर हसले आणि माझं नाक लाल झालं. मग त्याने दोन विटा थापल्या, एक काळी, एक पिवळी. खिळ्याने काळीवर 'ध' कोरला, पिवळीवर 'य'. "पंधरा दिवस उन्हात ठेवू. हरेल तो पोहे खिलवणार. मंजूर?"

मंजूर, म्हणाले मी. पण थांबले तीनच दिवस. चौथ्या दिवशी काळ्या मातीची भिंत सुरू करायला लावली. त्याने मान हलवली आणि कामाला लागला.

ते दिवस फार गोड होते, खोटं कशाला बोलू? चिखल कसा तुडवायचा हे तो शिकवायचा आणि मी घसरले की हात पुढे करायचा — मग तो हात सोडायला दोघांनाही जरा उशीर व्हायचा. "मॅडम" कधी गळून पडलं, कळलंच नाही.

भिंत खांद्याएवढी झाली आणि तडकली. वरपासून खालपर्यंत, बोट जाईल एवढी फट. नेमक्या त्याच दिवशी काकू वस्तीतल्या त्या चार घरांच्या माणसांना घेऊन आल्या.

"हे कसं झालं गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "मिश्रण... मिस्त्रीकडून चुकलं असेल."

यशने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग थापी पुसली, पिशवीत ठेवली आणि घाटाच्या रस्त्याने निघून गेला.

दोन दिवस काम बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्या विटा आठवल्या. पाण्याच्या टाकीमागे पोत्याखाली सापडल्या. 'य' जशीच्या तशी. 'ध'चे तीन तुकडे. पोतं उचलून दाखवलं असतं, तर तो तिथल्या तिथे सुटला असता. त्याने उलट झाकून ठेवलं होतं! मी तिथेच मातीत बसले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

ओढणीत विटा बांधून मी काकू भाड्याने राहायच्या त्या घराच्या ओसरीवर गेले. तीच चार माणसं बसली होती. बरंच झालं. त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं.

काकू विटेवरून हात फिरवत म्हणाल्या, "इंजेक्शन चुकलं तर सिस्टरने त्याच मिनिटाला सांगायचं असतं, बेटा. तीन दिवस नाही थांबायचं. भिंत पाड. आणि त्याला घेऊन ये."

सिमरोलला, त्याच्या भाड्याच्या खोलीबाहेर यश माती चाळत होता. मी कागदाची पुडी पुढे केली. "पोहे. हरले मी."

"थंड झालेत."

"खूप वेळ कोपऱ्यावर उभी होते... हिंमत होत नव्हती. सगळ्यांना खरं सांगून आलेय."

चाळणी थांबली. "सगळ्यांना?"

"चौघांना आणि काकूंना. तू वीट का झाकलीस?"

"तुझं पहिलं काम होतं ना..."

"यश, मला तू आवडतोस. त्या दिवशी तुझं नाव घेतलं, तेव्हाही आवडत होतास. म्हणून तर तोंड दाखवायची लाज वाटते."

त्याने पुडी उघडली. मग एक घास खाल्ला. "येतो मी. पण माफ नाही केलं अजून."

"पता आहे. केव्हा करशील?"

"तेलाचा डबा संपेल तेव्हा."

म्हणजे अगदी शेवटी! फर्शी सगळ्यात शेवटी होते. मी भिंत पाडली, पिवळी माती तुडवली, पायांना भेगा पडल्या. तो शेजारी असायचा, हसवायचाही. पण मी मान वर करून बोलले नाही.

मार्चमध्ये फर्शी झाली. एका टोकाने मी, दुसऱ्या टोकाने तो, गुडघ्यांवर बसून तेल चोळत मध्ये आलो. त्याने डबा उलटा केला. एक थेंब पडला, मग काहीच नाही.

"संपला," मी फर्शीकडे बघत म्हणाले.

"हो. आता तरी मान वर कर ना, धम्मा..."

मी वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं ना? ते भरले होते, आणि हसत होते.