दिवे लागले की टाळ्या

कामावर सगळे त्याला ‘भट्टीवाले’ म्हणत, कारण तो टेपा भाजायचा. यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. जुन्या व्हिडिओ टेपा वर्षानुवर्षं पडून राहिल्या की चिकट होतात. तशाच यंत्रात घातल्या तर त्यांच्यावरचा थर खरवडून निघतो आणि चित्राबरोबर यंत्राचंही वाटोळं होतं. म्हणून बिस्किटं भाजावीत तशा त्या आधी मंद आचेवर दिवसभर शेकायच्या. मग थोडे दिवस त्या शहाण्यासारख्या वागतात. तेवढ्यात त्यांची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि मूळ टेप भंगारात टाकायची. टीव्ही केंद्राच्या तळघरात, एका ट्यूबलाइटखाली, तो हे काम करायचा. नाकासमोर चालणारा माणूस, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसणारा.

घरी मात्र तो ‘धाकटा’ होता. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटाच. थोरली होती ताई. ब्याण्णव साली एका दुपारी, याच केंद्रातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून जाते असं सांगून ती घरातून निघाली, ती परत आली नाही.

त्या संध्याकाळी घरातली सगळी टीव्हीसमोर डोळ्यांत तेल घालून बसली होती. आठवड्याची वीस गाणी झाली, टाळ्या झाल्या, पण गर्दीत ताई कुठे दिसली नाही. पोलिसांनी चौकशी केली. फाटकावरच्या माणसाला कोणी आठवत नव्हतं. वडिलांनी निष्कर्ष काढला, की ती तिथे गेलीच नव्हती, कुणाचा तरी हात धरून गेली. हाच निष्कर्ष उराशी धरून ते वारले. आईनं तो कधी मानला नाही. “माझी पोरगी खोटं बोलत नाही,” एवढंच ती म्हणायची. आणि त्या दिवसापासून तिनं घराच्या दाराला कडी लावू दिली नाही. एकदा चोर आले, चांगला रेडिओ घेऊन गेले, तरी बाई ऐकेना.

आता आईला फारसं काही आठवत नसे. चहा घेतला की नाही, नवरा आहे की गेला, सगळं एकाच धुक्यात. कधी कधी धाकट्यालाही ती “टीव्ही दुरुस्त करायला आलेले का तुम्ही?” असं विचारायची. पण रोज संध्याकाळी न चुकता तिचा एक प्रश्न ठरलेला असे.

“ती तिथे गेली होती ना रे?”

याचं उत्तर धाकट्याकडे नव्हतं. केंद्रातली नोकरी योगायोगानं मिळाली असं तो लोकांना सांगायचा. खरं तर त्या एका उत्तरासाठी त्यानं उमेदीची सगळी वर्षं तळघरात घालवली होती.

मग एका वर्षी त्या कार्यक्रमाच्या पेट्या खाली तळघरात आल्या. घरोघरी दिसलेला कार्यक्रम तर त्यानं कैकदा पाहिला होता. पण या पेट्यांत दुसऱ्याच टेपा होत्या. स्टुडिओतला एक कॅमेरा कोपऱ्यात उभा असायचा आणि त्यानं टिपलेलं सगळं, प्रसारणात न गेलेलंसुद्धा, वेगळं साठवलं जायचं. त्या या टेपा. ब्याण्णव सालची, ताई गेली त्या दिवसाची टेप त्यानं सगळ्यांत आधी भट्टीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती लावली. आज बघताना तो काळ जरा केविलवाणाच वाटत होता. खांद्यांना गाद्या लावलेले चमचमते कोट. गुडघ्यापर्यंत पांढरा धूर. कीबोर्ड वाजवणारा जीव तोडून वाजवतोय आणि कीबोर्डची वायर कुठेच जोडलेली नाही. सगळं गाणं तबकडीवरून वाजायचं, गायकानं फक्त ओठ हलवायचे. एक गायक कडव्याच्या मध्येच खोकला, पण त्याचा आवाज गातच राहिला. धाकट्याला हसू आलं. या मंडळींचं एकेकच गाणं गाजलं होतं, नंतर त्यांची नावंही कुणी घेतली नाहीत.

मग कॅमेरा गर्दीवर आला, आणि कडेला, खांबाशी, ताई उभी होती.

तेच निळं जाकीट. उजव्या अंगठ्याला चिंधी. त्या सकाळी डब्याच्या पत्र्यानं तिचा अंगठा कापला होता आणि आईनं उशीचा फाटका अभ्रा टरकावून पट्टी बांधली होती, पिवळ्या फुलांची. पट्टीवर तांबडा ठिपका होता. ती मान किंचित खाली घालून टाळ्या वाजवत होती.

धाकटा यंत्रावर डोकं टेकून रडला. ती तिथे गेली होती. खोटं बोलली नव्हती.

शहाण्यानं इथेच थांबायला हवं होतं. पण पेटीत पुढच्या आठवड्याची टेप होती आणि ती त्यानं सवयीनं भाजून ठेवली होती. त्या टेपेतही ताई होती.

पुढच्या महिन्यातल्या टेपेतही होती.

पहिल्यांदा त्याला रागच आला. म्हणजे वडील खरे? घरी आई अन्नपाणी सोडून बसली होती आणि ही दर आठवड्याला इथे गाणी ऐकायला येत होती? मग त्यानं तारखा ताडून पाहिल्या. पेट्यांवरच्या तारखांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून गाण्यांचा क्रम जुन्या मासिकांशी जुळवला. तारखा बरोबर होत्या. ब्याण्णव सरलं, त्र्याण्णव आलं. निवेदक बदलला, स्टेज बदललं, चमचमते कोट जाऊन ढगळ चौकटीचे शर्ट आले. गर्दीतली पोरं दर वेळी नवी. ताई तीच. तेच जाकीट, तीच पट्टी, आणि पट्टीवरचा ठिपका तितकाच ओला, तितकाच तांबडा.

वर्ष उलटलं तरी अंगठा भरून येत नाही, असं कधी असतं का?

विभागाच्या मॅडमना त्यानं आडून आडून विचारलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या, आणि तरुणपणी याच कार्यक्रमात गर्दी हाकायचं काम करायच्या.

“अहो, पोरं मूठभर असायची,” मॅडम म्हणाल्या. “स्टेज चार. एका स्टेजचे दिवे गेले की तीच पोरं अंधारात दुसऱ्या स्टेजसमोर न्यायची. टीव्हीवर वाटायचं, केवढी झुंबड उडालीय. आमचे नियम तीनच. दिवे लागले की टाळ्या. दिवे गेले की पाय उचलायचे. आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.”

“बघितलं तर?”

“दंडाला धरून बाहेर. लगेच. सगळा देखावाच मोडतो ना.”

“आणि मोजायचा का तुम्ही त्यांना?”

मॅडमनी कपात चमचा उगीच फिरवला. “सुरुवातीला मोजायचो. आत सोडलेली आणि बाहेर पडलेली काही केल्या जुळेनात. मग मोजणं सोडून दिलं.”

“जुळेनात म्हणजे कशी? कमी, की जास्त?”

“चहा गार होतोय तुमचा,” मॅडम म्हणाल्या आणि उठून गेल्या.

धाकट्यानं त्या टेपांची कॉम्प्युटरवरची नक्कल उघडली. आईला घरी दाखवता येईल, हा हिशेब. नक्कल चोख उतरली होती. धूर, कोट, खांब, खांबाजवळची दोन पोरं, सगळं जागच्या जागी. ताई तेवढी नव्हती. त्या दोन पोरांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती आणि दोघंही तिथे कुणी असल्यासारखी अंग चोरून उभी होती.

म्हणजे ती फक्त टेपेवर होती. आणि भाजलेल्या टेपा न्यायला भंगाराची गाडी गुरुवारी यायची होती. त्यांची भुकटी करायचे आदेश होते. त्यानं मुदत मागितली. मॅडम म्हणाल्या, वरून आलंय, माझ्या हातात नाही.

बुधवारी दुपारी तो आईला टॅक्सीत घालून केंद्रावर घेऊन आला. जिना उतरताना ती त्याच्या हाताला लटकून चालत होती. “टीव्ही इथे आहे का तुमचा?” तिनं विचारलं. तिला खुर्चीत बसवून, पाय शालीत गुंडाळून त्यानं टेप लावली. कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षातली होती, जी हाती लागली ती. आईला एकदा पोरगी दिसावी, तिचा शब्द खरा ठरावा, एवढीच त्याची इच्छा होती.

गाणं सुरू झालं. गर्दी दिसली. आई पुढे वाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचे डोळे स्वच्छ दिसत होते.

“केवढी दमलीय बघ,” ती म्हणाली.

खरंच होतं. इतक्या टेपा पाहूनही धाकट्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. ताईचे गुडघे किंचित वाकले होते. टाळ्या वाजवताना प्रत्येक वेळी तिचे खांदे उचलले जात आणि पडत. ओठ घट्ट मिटलेले. नजर जमिनीवर. शाळेत असल्यापासून ती कोणाचाही नियम मोडत नसे. घरात त्याबद्दल तिचं कौतुकच व्हायचं.

“अगं, चल घरी,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही. शेजारून बोलवावं तसं म्हणाली. “किती वेळ उभी राहशील? इकडे बघ.”

पडद्यावर ताईच्या टाळ्या थांबल्या.

तिनं मान वर केली. हळूहळू, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं.

स्टेजचे दिवे गेले. काळ्या पडद्यावर पावलांचा आवाज आला. दिवे लागले तेव्हा खांबाजवळची दोन पोरं होती, मधली जागा मोकळी होती. त्यानं टेप मागे नेली. मोकळी. दुसरी टेप लावली. तीही मोकळी.

आई शाल आवरून उभी राहिली होती. “चला,” ती म्हणाली. “टॅक्सी मोठी सांगा.”

परतताना ती टॅक्सीत दाराला चिकटून बसली. धाकट्यानं तिला मधे सरकायला सांगितलं. ती सरकली नाही. त्यानं पुन्हा सांगितलं नाही.

घरी पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली होती. आई आत गेली, पलंगावर बसली आणि म्हणाली, “धाकट्या, कडी लाव.”

कितीतरी महिन्यांनी तिनं त्याला या नावानं हाक मारली होती. त्याला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. “कडी? लावू?”

“लाव की. सगळी आत आली.”

कडी गंजली होती. दोन्ही हातांनी रेटावी लागली, तेव्हा कुठे बसली. आई आज सुखानं झोपेल, हे एकच त्याच्या मनात होतं, आणि बाकी कशाचाही विचार करायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. आई आडवी झालीही. दोन्ही हात उशाखाली घेऊन, कुशीवर, लहान मुलासारखी.

घरात अंधार दाटला होता. त्यानं बोळातला दिवा लावला.

ताईच्या बंद खोलीतून टाळ्या ऐकू आल्या.

फार मोठ्या नाहीत. एकाच माणसाच्या. सावकाश, एका लयीत, शिकवल्याप्रमाणे.

त्यानं आईकडे बघितलं. तिचे हात उशाखालीच होते.

त्यानं दिवा घालवला.

टाळ्या थांबल्या. अंधारात पावलं उचलली गेली. खोलीचं दार कुरकुरलं, पावलं त्याच्या अगदी जवळून, वारा लागावा इतकी जवळून, बाहेरच्या दाराकडे गेली. कडी खडखडली.

त्याचा हात आपोआप बटणावर गेला. दिवा लागला. कडी थांबली. दाराशी कोणी नव्हतं.

दाराशी टाळ्या सुरू झाल्या.

“दिवा घालवू नकोस रे,” आई पलंगावरून म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. “जाईल ती.”

तो बटणावर बोट ठेवून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. दमत होत्या, मंदावत होत्या, पुन्हा लय धरत होत्या. आईचा श्वास संथ झाला. तिला झोप लागली.

बऱ्याच वेळानं त्या टाळ्यांचा आवाज जरा बदलल्यासारखा वाटला. त्यानं कान देऊन ऐकलं. तो ओला झाला होता, चिंधी भिजल्यासारखा.